माझ्यासारख्या बापाने कुटुंबप्रार्थना चालवावी का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ४२ वर्षांचे आहेत आणि कारखान्यात पाळ्यांनी काम करतात. त्यांची दारू सुटून तीन वर्षे झाली. या काळात दोनदा पाय घसरला, आणि संताप अजूनही आवरत नाही, असे ते स्वतःच लिहितात. घरात रोज रात्री प्रार्थना होत असे व ती तेच चालवीत. गेल्या महिन्यात जेवताना त्यांच्या १४ वर्षांच्या मुलीने सर्वांसमोर विचारले, "पप्पा, तुम्ही रात्री प्रार्थना करता आणि सकाळी आईवर ओरडता. देवाला हे चालतं का?" त्या दिवसापासून त्यांनी प्रार्थना घेणे बंद केले आहे. आपण आधी सुधारावे आणि मग मुलांना देवाविषयी सांगावे, की आहे त्या अवस्थेतही सांगत राहावे, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न एका प्रचारकाच्या बोलण्यावरून आलेला आहे. बापाच्या पापाचा शाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातो असे त्या प्रचारकाने सांगितल्यामुळे, आपल्या हातून मुलांच्या वाट्याचा आशीर्वाद बंद झाला की काय, अशी धास्ती त्यांनी घेतली आहे.

मी नगर जिल्ह्यातील खेड्यांत आणि पुढे पुण्यात मिळून ३४ वर्षे पाळकाचे काम केले. त्यापूर्वी काही वर्षे शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलवर्गात, शिकवीत होतो. मला दोन मुले आहेत. मुलगी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रमलेली आहे. मुलगा मात्र नाताळला देवळात येतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वचनापूर्वी निघून जातो. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण माझ्याकडे खात्रीचा उपाय आहे असे वाटून तुम्ही पुढचे वाचू नये.

तुमचे दोन्ही प्रश्न एकाच समजुतीतून आलेले आहेत. बापाचा चांगुलपणा म्हणजे पाट, आणि विश्वास म्हणजे त्या पाटाने वाहणारे पाणी. पाट फुटला की पुढचे वाफे कोरडे राहणार, असे तुम्ही धरून चालला आहात. ही समजूत आपल्या मंडळ्यांत फार खोल रुजलेली आहे, कारण आपण लग्नात, नामकरणात आणि अंत्यविधीत "आईवडिलांचा उत्तम कित्ता" हेच शब्द वापरतो. वागण्याला महत्त्व आहे, हे मी नाकारीत नाही, त्याविषयी पुढे लिहितोच. परंतु बायबलमध्ये देवाचे वचन एका पिढीकडून दुसरीकडे कसे गेले ते पाहिले, तर ते बापांच्या चांगुलपणाच्या आधाराने गेले असे दाखविणे कठीण आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझे सारे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. "ओरडणे" या शब्दात काय काय बसते हे मला दुरून कळत नाही. आवाज चढतो, ताट आपटले जाते आणि मग दोन दिवस घर गप्प राहते, एवढेच असेल तर पुढचे उत्तर तुमच्यासाठी आहे. हात उचलला जात असेल, किंवा तुम्ही घरी येण्याच्या वेळी मुले खोलीत जाऊन कडी लावीत असतील, तर कुटुंबप्रार्थना कोणी घ्यावी हा आजचा प्रश्नच नव्हे. अशा वेळी पत्नी आणि मुले सुरक्षित असणे हे पहिले काम, आणि तुम्ही स्वतः उपचार घेणे हे दुसरे. दारूच्या बाबतीतही दोनदा पाय घसरला असेल तर निव्वळ निश्चयावर विसंबू नका. पुण्यातील मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या सभा अनेक शहरांत भरतात. तेथे जाणे म्हणजे प्रार्थनेवरचा विश्वास कमी असणे, असे सांगणारे लोक मला भेटले आहेत आणि त्यांच्या सल्ल्याने मोडलेली घरेही मी पाहिली आहेत.

आता मूळ विषयाकडे येतो. देव विश्वासू आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, हे बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात जितके स्वच्छ दिसते तितके मला अन्यत्र दिसलेले नाही. तेथे इस्राएलाचा मूळपुरुष अब्राम तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी आणि तीन वर्षांचा एडका आणतो, त्यांचे दोन-दोन भाग करून समोरासमोर ठेवतो. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जात, आणि त्याचा अर्थ असा की मी वचन मोडले तर माझीही हीच गत होवो. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात या रीतीचा उल्लेख आहे. पण येथे सूर्य मावळताना अब्रामाला गाढ झोप लागते, आणि तुकड्यांमधून जाते ती फक्त एक धुमसती शेगडी आणि जळती मशाल. अब्राम चालतच नाही. कराराची जोखीम एकाच पक्षाने अंगावर घेतली, आणि तो पक्ष देव होता.

या अध्यायाच्या मागेपुढे काय आहे तेही पाहा. १२ व्या अध्यायात मिसर (इजिप्त) देशात जीव वाचविण्यासाठी अब्राम बायकोला बहीण म्हणवतो. १५ व्या अध्यायात करार होतो. २० व्या अध्यायात, आता अब्राहाम झालेला हाच माणूस गरार येथे तीच लबाडी पुन्हा करतो. म्हणजे करार दोन सारख्याच लबाड्यांच्या मध्ये उभा आहे. पहिली लबाडी पाहून तो अडला नाही आणि दुसरीमुळे तो रद्द झाला नाही. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही, तेव्हा त्याच्या मनात अशीच माणसे असली पाहिजेत.

आता अब्राहामाच्या मुलाकडे वळू. २६ व्या अध्यायात इसहाक त्याच गरारात जातो, आणि तेथील लोक त्याची पत्नी रिबका हिच्याविषयी विचारतात तेव्हा म्हणतो, ती माझी बहीण आहे. बापाने या दोन्ही वेळा लबाडी केली तेव्हा इसहाक जन्मलाही नव्हता. त्याने काहीही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, तरी तेच वाक्य त्याच्या तोंडी आले. आपले दोष मुलांत उतरतात, ही तुमची भीती खोटी नाही. माझा आवाज चढण्याची लकब माझ्या मुलीत आहे, आणि ती माझ्या वडिलांची आहे. पण त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट उतरलेली दिसते. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना पुन्हा दिली. आणि पुढे बैर-शेबा येथे देव त्याला रात्री दर्शन देऊन म्हणतो, मी तुझा बाप अब्राहाम ह्याचा देव आहे. देवाने आपली ओळख देण्यासाठी त्या बापाचे नाव घेतले, ज्याची लबाडी मुलाने नुकतीच गिरवली होती. आमच्या दुष्काळी भागात ज्याने उन्हाळ्यात जुन्या विहिरीचा गाळ उपसला आहे, त्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. वर चिखल असतो, खालून झरा सापडतो, आणि विहिरीला नाव मात्र आजोबांचेच राहते.

प्रचारकाच्या बोलण्याचे उत्तर थोडक्यात देतो, कारण त्यात फार वेळ घालवावा अशी त्याची योग्यता नाही. निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात तिसऱ्या-चौथ्या पिढीचा उल्लेख आहे हे खरे. पण पुढच्याच वचनात हजारोंवर दया आहे, आणि अनुवाद या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात तर हजार पिढ्या असा स्पष्ट शब्द आहे. चार मोजायचे आणि हजार सोडायचे, हा हिशेब भीती घालण्यासाठीच केला जातो. शिवाय एका छपराखाली तीन-चार पिढ्या नांदणाऱ्या त्या समाजात थोरल्याच्या कृत्याची झळ सगळ्यांना लागत असे, आणि आपल्याही वाड्यावस्त्यांत ती लागते. दारूत गेलेला पगार मुलांच्या फीमधून कमी होतो, तो काही शापाने नव्हे. "बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले," ही म्हण इस्राएलात यापुढे चालणार नाही, असे यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात देव स्वतः सांगतो. परिणाम पोहोचतात, दोष पोहोचत नाही. हा फरक तुम्ही पक्का धरून ठेवा.

परिणाम कोणत्या दिशेने जातील हेही ठरलेले नसते. यहूदाच्या पाच राजांची रांग मी शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना नेहमी फळ्यावर लिहून दाखवीत असे. आहाज दुष्ट होता, त्याचा मुलगा हिज्कीया भक्तिमान निघाला. हिज्कीया मरणोन्मुख असता भिंतीकडे तोंड करून रडला, प्रार्थना केली, आणि त्याला १५ वर्षे वाढवून मिळाली. त्याच्यामागून गादीवर आलेला मनश्शे तेव्हा १२ वर्षांचा होता; म्हणजे प्रार्थनेने मिळालेल्या त्या वर्षांतच तो जन्मला. त्याने ५५ वर्षे राज्य केले आणि आपल्या मुलाला अग्नीतून जायला लावण्यापर्यंत त्याची मजल गेली. मनश्शेचा मुलगा आमोन तसाच निघाला, आणि आमोनाचा मुलगा योशीया, जो ८ व्या वर्षी राजा झाला, तो यहूदाच्या सर्वोत्तम राजांपैकी एक ठरला. या रांगेतून "असे केले की असे होते" असा नियम कोणी काढून दाखवावा. दुसरा इतिहास या पुस्तकाच्या ३३ व्या अध्यायात मनश्शे बंदिवासात नम्र झाला आणि परत आला, असे लिहिले आहे. आमोनाने दोनच वर्षे राज्य केले, तेव्हा आजोबा वारले त्या वेळी योशीया सहा वर्षांचा असला पाहिजे. पश्चात्ताप केलेल्या त्या म्हाताऱ्याने नातवाला मांडीवर घेऊन काही सांगितले का, हे शास्त्रात लिहिलेले नाही, म्हणून मीही त्यावर उपदेश केलेला नाही. पण विचार मात्र पुष्कळदा केला आहे.

आता मी तुमच्या खऱ्या चुकीकडे येतो. माझ्या मते ती ओरडणे ही नव्हे, कारण तो दोष तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही त्याच्याशी झगडत आहात. चूक ही की मुलीच्या प्रश्नानंतर तुम्ही गप्प झालात.

दावीदाच्या घराकडे पाहा. दावीद राजाने उरियाची बायको बथशेबा हिच्याशी व्यभिचार केला आणि उरियाला मारविले; त्यानंतर नाथान संदेष्टा येतो, दावीद पाप कबूल करतो, आणि त्याला क्षमा मिळते. त्या काळातले म्हणून जे ५१ वे स्तोत्र आपण उपवासाच्या दिवसांत म्हणतो, त्यात तो मागणे मागतो की तुझ्या तारणाचा आनंद मला परत दे, म्हणजे मी अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन. पण आपल्या घरातल्या अपराध्यांना त्याने शिकविल्याचे दिसत नाही. त्याचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बळजबरी केली तेव्हा दावीद फार संतापला, एवढेच लिहिले आहे. पुढे त्याने काही केल्याचे लिहिलेले नाही. पुढे तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला ठार केले आणि नंतर बापाविरुद्ध उठाव केला. शेवटी दावीदाचा आणखी एक मुलगा अदोनीया याच्याविषयी पहिले राजे या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एक वाक्य येते, ते प्रत्येक बापाने वाचावे: "तू असे का केलेस?" असे विचारून त्याच्या बापाने त्याला कधीही दुखविले नव्हते. मला असे वाटते, आणि हे माझे वाचन आहे, की दावीदाला विचारण्याची लाज वाटत असावी. मुलाला काही विचारावे तर तो उरियाचे नाव काढील, या भयाने त्याचे तोंड बांधले गेले असावे. देवाने क्षमा केली होती, पण ती क्षमा घरात कधी उच्चारली गेली नाही, आणि न उच्चारलेल्या क्षमेखाली ते घर घुसमटत गेले.

अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. बाप सुधारलेला असतो, नोकरी नीट करतो, पण जुन्या दिवसांची आठवण निघेल म्हणून मुलांशी अभ्यासापलीकडे बोलत नाही; प्रार्थना आईवर सोपवितो आणि स्वतः मोबाईल घेऊन पडून राहतो. मुलांना त्या शांततेचा अर्थ लागतो तो असा की देव फक्त निष्कलंक माणसांशी बोलतो, आणि आपल्या घरात तसे कोणी नाही.

माझ्याच घरातील एक प्रसंग सांगतो. मुलगा १० वर्षांचा होता. गणिताच्या वहीत त्याने खोटी सही केलेली मला सापडली, आणि मी त्याला दोन थोबाडीत लावल्या. तासाभराने प्रार्थनेला चटई पसरली. वीज गेली होती, मधोमध मेणबत्ती होती. आम्ही त्या दिवसांत इफिसकरांस पत्र क्रमाने वाचीत होतो आणि वाचण्याची पाळी नेमकी त्याची होती. त्याने सहाव्या अध्यायाचे चौथे वचन वाचले, "बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका," आणि तो थांबला. मान वर केली नाही, बोट त्या ओळीवर तसेच ठेवले. माझी पत्नी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "पुढे वाच." तो पुढे वाचत गेला, मी नेहमीच्या गंभीर आवाजात प्रार्थना केली, आमेन झाले, आणि चटई गुंडाळली गेली.

मी त्याची क्षमा मागितली ती चार दिवसांनी, शाळेच्या फाटकापाशी, घाईघाईत, आणि तीही "पण तूसुद्धा खोटी सही करायला नको होतीस" हे शेपूट लावून. बऱ्याच वर्षांनी एकदा गाडीतून जाताना हा विषय निघाला. थोबाडीत बसल्याचे त्याला अंधुक आठवत होते. फाटकापाशी मागितलेली क्षमा मुळीच आठवत नव्हती. "पुढे वाच" हे मात्र त्याला माझ्या आवाजासकट आठवत होते. तो आज नाताळखेरीज देवळात येत नाही त्याचे हेच कारण आहे असे मी म्हणणार नाही, तो स्वतःही तसे म्हणत नाही. पण त्या रात्री वचनाने मला पकडले होते, आणि मी ते मुलाला दिसू दिले नाही, एवढे मला ठाऊक आहे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की प्रार्थना पुन्हा सुरू करा, सुधारण्याची वाट पाहू नका. पण पूर्वीच्या जागी जाऊन बसू नका. तुम्ही पूर्वी जेथे बसत होता तेथून बाप शिकवितो आणि बाकीचे ऐकतात. आता तुम्हाला जेथे बसायचे आहे तेथे बापही ऐकणाऱ्यांत असतो. मुलांना द्यायचा आहे तो तुमच्या सद्वर्तनाचा दाखला नव्हे. दिलेला शब्द पाळणाऱ्या देवाची बातमी द्यायची आहे, आणि ती बातमी ज्याला तिची गरज आहे त्याच्याच तोंडून पटते. अनुवादाच्या ६ व्या अध्यायात मुलगा बापाला विचारतो की या सगळ्या आज्ञा कशासाठी आहेत. बापाने द्यायच्या उत्तराचे पहिले वाक्य तेथे ठरवून दिले आहे: आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो. आम्ही किती चांगले होतो, येथून त्या उत्तराची सुरुवात होत नाही.

यात एक धोका आहे. "मी दासच होतो" हे वाक्य काही बापांच्या तोंडी इतके गोड होते की ते साक्ष देताना दारूच्या दिवसांचे रसभरित वर्णन करतात आणि मुले खाली मान घालून बसतात. तुमच्या भूतकाळात तुमची पत्नीही भागीदार आहे, आणि तिने सोसलेले प्रसंग तिच्या संमतीशिवाय सांगण्याचा तुम्हाला अधिकार नाही. १४ वर्षांच्या मुलीला जे समजेल ते धाकट्याला समजणार नाही. मुलांनी पाहिले आहे तेवढ्याविषयी बोला. न पाहिलेले त्यांनी विचारले तर सांगा, आणि तेही थोडक्यात.

क्षमा कशी मागावी याविषयी मला लोक नेहमी विचारतात, कारण आपल्याकडे बापाने मुलांची क्षमा मागण्याची रीत नाही. काय केले ते नेमक्या शब्दांत सांगावे. "काही चुकले असेल तर" या शब्दांना क्षमा म्हणत नाहीत. वाक्यात "पण" येऊ देऊ नये. पत्नीवर सर्वांसमोर ओरडला असाल तर तिची क्षमा सर्वांसमोर मागावी, आणि शक्यतो त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी. मुलांनी लगेच "ठीक आहे, पप्पा" म्हणावे अशी अपेक्षा ठेवू नये, आणि क्षमा करण्याविषयीचे एखादे वचन पुढे करून ती वसूल तर मुळीच करू नये. पुन्हा तीच चूक झाली तर पुन्हा मागावी लागेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी मुलगी म्हणेल, "तुम्ही नेहमीच सॉरी म्हणता." तेव्हा ती बरोबर असेल. बोलण्याबरोबर एखादी दिसणारी गोष्ट बदलली पाहिजे: रात्रपाळीहून आल्यावर पहिला अर्धा तास कोणाशी बोलायचे नाही असे आमच्या मंडळीतील एका कामगाराने ठरविले होते, आणि त्याच्या घरात त्या अर्ध्या तासाने माझ्या अनेक उपदेशांपेक्षा जास्त काम केले.

कुटुंबप्रार्थना दहा-बारा मिनिटांपेक्षा लांबवू नका. एक गीत, थोडे वाचन, थोडे बोलणे, प्रार्थना, इतके पुरे होते. वाचन मुलांकडे द्या, आणि वाचताना कोणी थांबले तर तुम्हीही थांबा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रार्थनेच्या आडून मुलांना टोमणे मारू नका. "प्रभू, या लेकराला आज्ञाधारक बनव, तिचे मोबाईलवरचे लक्ष काढ," ही प्रार्थना देवाकडे जात नाही, ती शेजारी डोळे मिटून बसलेल्या मुलीकडे जाते आणि तिला ते चांगले कळते. त्याऐवजी तुम्ही स्वतःसाठी मोठ्याने मागा. "आज मला राग आला, उद्याही येईल, मला सांभाळ," एवढे वाक्य बापाच्या तोंडून ऐकलेली मुले आमच्या पिढीत फार थोडी होती.

सगळा भार एकट्याच्या खांद्यावर घेऊ नका. तीमथ्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता, आणि पौल त्याच्या विश्वासाचा उगम सांगतो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. लहानपणी एली याजकाच्या हाताखाली वाढलेल्या शमुवेलाचे उदाहरण तर याहून विलक्षण आहे. एली हा बाप म्हणून फसलेला माणूस होता, त्याच्या मुलांनी निवासमंडपाची अब्रू घालविली आणि त्याने त्यांना आवरले नाही. तरीही "बोल, तुझा दास ऐकत आहे" असे म्हणायला शमुवेलाला शिकविले ते त्याच एलीने. स्वतःच्या मुलांपुढे हरलेल्या माणसाच्या हातून देवाने दुसऱ्याचे मूल घडविले. तुमच्या मुलीला मंडळीतील एखादी शिक्षिका, आत्या किंवा आजी जवळची वाटत असेल, तर त्यात कमीपणा मानू नका. उन्हाळ्याच्या व्हीबीएसमध्ये (सुट्टीतील बायबल शाळेत) तुमच्याशी न बोलणारी मुलगी तिच्याशी बोलेल.

आपल्याच मराठी मंडळीतील एका घराची आठवण येथे देतो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. लहान मुलगा दत्तू याला घेऊन त्यांनी ताटातुटीची वर्षे काढली, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. टिळक तापट आणि लहरी होते, आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत ते मुळीच झाकलेले नाही. उलट हसत-हसवत सांगितले आहे. तरी त्या आठवणी वाचताना टिळकांच्या देवाविषयी वाचकाचे मन कलुषित होत नाही. मी अनेक सत्पुरुषांची चरित्रे वाचली आहेत ज्यांत एकही दोष नाही, आणि त्यांतले एकही मला माझ्या मुलांना वाचून दाखवावेसे वाटले नाही.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न, ज्याचे उत्तर तुम्ही तिला अजून दिलेले नाही. देवाला हे चालते का? चालत नाही. हे तिला सरळ सांगा, तिच्या आईच्या देखत सांगा, आणि देवाची बाजू तिने घेतली होती, तुम्ही नव्हे, हेही कबूल करा. १४ व्या वर्षी एखाद्या मुलीला देव न्यायी असावा असे वाटत असेल, तर तिचा विश्वास गेलेला नाही. मुले खरोखर दूर जातात तेव्हा ती असे प्रश्न विचारीत नाहीत. माझ्या मुलाने विचारले नव्हते. तो फक्त ओळीवर बोट ठेवून थांबला होता.

आज रात्री बसणार असाल तर उत्पत्तीचा २६ वा अध्याय घ्या आणि मुलीला वाचायला द्या. इसहाकाच्या लबाडीपाशी ती बहुधा थांबेल. थांबली तर तुम्ही काही बोलू नका, तिला काय म्हणायचे आहे ते आधी ऐका, मग विहिरींपर्यंत वाचा.